शालनबाईंच्या जिभेवरची रेघ

मिरजेच्या त्या शुश्रूषा केंद्रात दुपारची जेवणं अलीकडे शांततेत व्हायची. पूर्वी म्हातारी माणसं ताटं ढकलायची, नर्सना शिव्या द्यायची. आता जिव्हापट्टी आली होती. नखाएवढी पारदर्शक पट्टी जिभेवर चिकटवायची आणि तिच्यावर एखाद्या चवीचा थेंब सोडायचा. जीभ मेंदूला काय कळवते ते पडद्यावर रेघेनं उमटायचं. रेघ वर गेली तर आवडलं, खाली गेली तर नको. वाचा गेलेल्या माणसांनाही त्यामुळे मत उरलं होतं. घरच्यांना त्याची सवय नव्हती, एवढीच अडचण.

शालन खोत यांची रेघ सरळ होती. पक्षाघातानं त्यांची वाचा आणि उजवा हात नेला होता. गिळणं शाबूत होतं, पण आठवडाभर त्या तोंड मिटून होत्या. सोमवारपर्यंत काही खाल्लं नाही तर पोटात नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नळी बहुधा माणसाबरोबरच निघते, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. ते शेजारच्या खाटांवर दिसत होतं.

"आमरस झाला, पिठलं झालं, कटाची आमटी झाली," आहारतज्ज्ञ सानिया मुजावर म्हणाली. "सर, घरी आवडीनं काय खायच्या?"

"चिकन ब्रेस्ट," मुलगा धैर्यशील लगेच म्हणाला. "गेली कित्येक वर्षं मी स्वतः भरवतोय."

हे सानियालाही ठाऊक होतं, कारण ते सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. धैर्यशील खोत व्याख्याता होता आणि 'आईच्या ताटातले पाय' हे त्याचं गाजलेलं व्याख्यान होतं. गरिबीत आई मुलांना लेगपीस वाढायची आणि स्वतः कोंबडीचे पाय चोखत बसायची. 'मला पायच आवडतात' म्हणायची. पहिल्या पगाराला मुलानं शपथ घेतली, आईला पुन्हा पाय खाऊ देणार नाही. इथं सभागृह रडायचं. पुढे शपथ पाळणं सोपंही झालं. मांस कारखान्यातल्या टाकीत पेशींपासून वाढायला लागलं आणि कोंबडीला पाय उरलेच नाहीत. तिला कुठं जायचंच नव्हतं.

सानियानं ब्रेस्टचा थेंब सोडला. रेघ हलली आणि खाली गेली.

"मशीन बिघडलंय."

"सकाळीच तपासलंय, सर."

"पाय देऊन बघा की," खाटेच्या पायथ्याशी बसलेली रूपाली म्हणाली. धाकटी बहीण, तासगावहून आली होती.

"रूपा, तू गप्प बस. मरताना तरी आईला उष्टंमाष्टं नको."

"मरायला ती कुठं तयार आहे? ती नुसती जेवायला तयार नाही."

सानिया रुचिकोश चाळू लागली. त्यात जगभरच्या चवी होत्या, पण मराठी पाय नव्हते. कोश करताना इथल्या सुशिक्षितांनी 'आम्ही असलं खात नाही' असं लिहून दिलं होतं. बाहेरचे पाय मात्र भरपूर होते. चीनमधले, तळून मग आंबवलेल्या काळ्या सोयाबीनमध्ये वाफवलेले. दक्षिण आफ्रिकेच्या वस्त्यांतले, डोक्यांसकट शिजवलेले; तिथं त्यांना लाडानं 'चालतेबोलते' म्हणतात. मनिलाच्या रस्त्यावर निखाऱ्यांवर भाजलेले.

चीनला रेघ उठून बसली. आफ्रिकेला आणखी वर गेली. मनिलाचा थेंब पडला आणि शालनबाईंनी डोळे उघडून बाटलीकडे पाहिलं.

मग धैर्यशील म्हणाला, "सवय लागली असेल. गरिबीची सवय."

"असेल," सानिया म्हणाली. "पट्टी आवडतं का ते सांगते. का आवडतं, ते नाही सांगत."

"सवय कसली दादा! आपल्याला काय सांगायची, आठवतंय? पाय खाल्ले की अक्षर कोंबडीच्या पायांसारखं येतं. मी एकदा चोरून खाल्ला, तर उलथन्यानं मारलं तिनं. लेगपीससाठी कधी कुणाला मारलं नाही."

धैर्यशीलनं पडद्याकडे पाठ फिरवली.

रूपालीच्या शेजारणीकडे परवाना काढून पाळलेल्या चार खऱ्या कोंबड्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या दोन कमी झाल्या. रूपालीनं पाय जाळावर धरले, पिवळी कातडी मोज्यासारखी ओढून काढली, नखं तोडली आणि सुकं खोबरं, लसूण घालून कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या घेतल्या.

"समोर बसून राहा. हाडं मोजून बाहेर आली पाहिजेत," सानियानं बजावलं.

हाडं आली. शालनबाईंनी डाव्या हातानं एकेक बोट तोडून चोखलं आणि बारीक हाडं ताटाच्या कडेला नीट मांडली. हनुवटीवरून रस ओघळत होता. वर पाहायची त्यांना सवड नव्हती. नळीचं संकट टळलं होतं; धैर्यशीलच्या तोंडावर मात्र ते दिसत नव्हतं. रविवारी साताऱ्याला व्याख्यान होतं.

"आई," तो जवळ सरकून म्हणाला, "मला एक देतेस?"

शालनबाईंनी वाटी स्वतःकडे ओढून घेतली.

रूपाली हसली नाही. ती डबा उघडून भावाला वाढत होती. कोंबडी खरी असल्यामुळे लेगपीसही होता, तो त्याच्या ताटात गेला. स्वतःला तिनं पाठीचा तुकडा घेतला. लहानपणी घरी असंच चालायचं. लेगपीस एक वडलांना, एक त्याला. रूपाला पाठ. रूपाला पाठच आवडते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. व्याख्यानात मात्र लेगपीस 'मुलांना' मिळायचे, आणि हे त्याच्या आजवर लक्षात आलं नव्हतं.

तो लेगपीसकडे बघत राहिला.

"रूपा, तुला पाठ आवडते ना?"

"आवडते की."

टेबलावर एक पट्टी उरली होती. त्यानं ती उचलून तिच्यापुढे धरली. रूपालीनं तोंड मिटून घेतलं, अगदी आईसारखं. मग घास बाजूला ठेवून म्हणाली,

"आणि रेघ खाली गेली, तर काय करणार, दादा? नवीन व्याख्यान?"