पुन्हा उलटवलेलं वाळूचं घड्याळ

आम्ही चौघं निघालो होतो ते लिबियाच्या किनाऱ्यासमोरच्या त्याच पाण्याखालच्या खडकाकडे, जिथे गेल्या वर्षी माझ्या मेव्हण्याचा पाय लुळा पडला. तिथला समुद्रतळावरचा स्पंज म्हणजे घमेल्याएवढा, लोण्यासारखा मऊ! तसा आमच्या ग्रीसच्या कालिम्नोस बेटावर कुणी आणला नव्हता. होडी माझी, पाणबुड्याला बांधलेला दोर माझ्या हाती, हवेच्या पंपावर म्हातारा नोमिकोस आणि त्याचा जावई. आणि पाण्यात उतरणार कोण? तोच मेव्हणा, साकेलारिस. काठी टेकत चालणारा!

मी नको म्हटलं नव्हतं का? शंभरदा म्हटलं.

"दाजी, जमिनीवर मी लंगडा," तो म्हणाला. "पाण्यात पाय हलका होतो. आता तेवढंही काढून घेणार का तुम्ही?"

कपाळ माझं! पाठवलं तर मीच मारलं, अडवलं तर मीच जिवंतपणी पुरलं. माझं डोकंच चालेना.

गेल्या वर्षी झालं ते असं. वाळूचं घड्याळ रिकामं झालं की पाणबुड्याला वर घ्यायचं, हा आमचा नियम. खोलात जास्त वेळ राहिला किंवा तिथून एकदम वर आला, तर माणसाचं अंग लुळं पडतं. घड्याळ संपलं आणि खालून दोराला दोन हिसके आले, म्हणजे अजून थोडा वेळ. मी घड्याळ पुन्हा उलटवलं. वर आला तेव्हा हसत होता, तासाभरात फळीवर कोसळला. त्याने मागितलं, मी दिलं. मग चूक कुणाची? बायकोला, थेमेलिनाला, ते दोन हिसके मी कधी सांगितले नाहीत. सबब वाटली असती. ती वर्षभर माझ्याशी धड बोललेली नाही.

तिसऱ्या दिवशी वाऱ्याने शीड फाडलं. पाचव्या दिवशी गोड्या पाण्याचं पिंप गळू लागलं. मन थाऱ्यावर नसलेल्याच्या हाती दोर देऊ नये, असं नोमिकोस जावयाला म्हणाला, मला नीट ऐकू जाईल एवढ्या हळू. सहाव्या दिवशी खडक सापडला. साकेलारिसने कडक पावाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, तांब्याचा टोप चढवला आणि उतरला. पंचवीस पुरुष खोल!

घड्याळ निम्मं झालं आणि दक्षिणेकडे आभाळ पिवळं पडलं. वारा! नांगर घसरू लागला. मी दोराला हिसके दिले, वर ये. खालून उत्तर आलं. एक हिसका. दुसरा. अजून थोडा वेळ! तोच दोर, तेच दोन हिसके!

मी ओढलं.

निम्म्यावर आला तर दुसराच पेच. भराभर घ्यावं तर उरलेला पायही जाणार. थांबवावं तर नांगर सुटून हवेची नळी तुटणार. नोमिकोस ओरडत होता, "ओढ की!" कोण बरोबर? मला काही कळत नव्हतं. देवाशपथ नव्हतं! मी दोर कमरेला गुंडाळला, त्याला तिथेच धरलं आणि घड्याळ उलटवलं. लाट आली. नळी ताणली गेली. टिकली! शेवटचा कण पडला, तेव्हा वर घेतलं.

टोप काढताच त्याने मला शिव्यांची लाखोली वाहिली. जाळी रिकामी होती. सगळ्यांत मोठा स्पंज म्हणे हाताखाली होता. तास गेला, दोन गेले. मी त्याच्या चांगल्या पायाकडेच बघत होतो. शेवटी तो उठला, काठी टेकत माझ्यापाशी आला.

"गेल्या वर्षी का नाही ओढलंत?"

तू मागितलंस म्हणून, हे ओठांवर आलं होतं. वर्षभर तेच घोकलं होतं.

"लोभ सुटला रे," मी म्हणालो. "जाळी भरत होती. माझं चुकलं."

"मलाही सुटला होता," तो म्हणाला. "आजही सुटला."

वारा पडल्यावर नोमिकोसने विचारलं, उद्या पुन्हा उतरायचं का. साकेलारिसने मान हलवली, नाही म्हणून.

"घरी चला दाजी. ते दोन हिसके ताईला मीच सांगतो."

मी सुकाणू उत्तरेला वळवलं. त्याने सांगून माझं ओझं कमी होणार होतं का? कोण जाणे. पण तो माझ्याशेजारी बसला होता, दोन्ही पाय पाण्यात सोडून, आणि त्यातला एक हलत होता.