वरची रेघ

गौरांग केळुसकरने आधी संगणकाचा पडदा बंद केला आणि मग "ये ना" म्हणाला. निवेदिता तांडेलने तो क्रम लक्षात ठेवला.

ती तपासणीच्या खुर्चीत बसली. समतोलकाचा अभियंता असलेल्या गौरांगने तिच्या उजव्या कानामागे वाचकयंत्र टेकवले. हिरवा दिवा लागला.

"समतोलक झकास चाललाय. तुला कसं वाटतंय?"

"छान," ती म्हणाली. मनात मात्र तिचा विचार चालू होता, की माझ्यापासून लपवावे असे त्या पडद्यावर काय असेल?

निवेदिताला दोन आजार होते आणि त्या दोघांचे एकमेकांशी पटत नव्हते. पहिला मंत्रचळ. कॉलेजात असल्यापासून, स्कूटरचे चाक खड्ड्यातून गेले की तिला वाटे, आपण कुणाला तरी उडवले. ती मागे वळून रस्ता पाहून येई. घरापर्यंत पोचता पोचता वाटे, कडेचे गटार पाहायचे राहिले. परत मागे. भाट्याच्या पुलावर तिने अशा कितीतरी संध्याकाळी घालवल्या होत्या. उडवलेला माणूस कधीच सापडला नाही, पण तेवढ्याने तिची खात्री पटत नसे. दुसरा आजार द्विध्रुवीय. काही महिने अंथरुणातून पाय खाली ठेवणेही जड जाई, आणि मग एखाद्या सकाळी मन असे उधळे की झोप नको, जेवण नको, सगळे जग मुठीत. त्या दिवसांत शंका औषधालाही उरत नसे. एकदा वादळाचा बावटा लागलेला असताना तिने नवरा दिगंबर याच्याकडे दुरुस्तीला आलेली होडी एकटीने समुद्रात घातली होती. आपल्याला काही होणार नाही याची तिला पूर्ण खात्री होती. दिगंबरने दुसऱ्या होडीतून जाऊन तिला परत आणले. त्यानंतरचा हिवाळा तिने भिंतीकडे तोंड करून काढला.

मंत्रचळावरचे औषध वाढवले की उन्माद डोके वर काढी. ते कमी केले की पुन्हा पूल. तिच्या डॉक्टर, रझिया मुकादम, वर्षानुवर्षे ही कसरत करत होत्या. म्हणून समतोलकाच्या चाचणीसाठी स्वयंसेवक हवे झाले, तेव्हा निवेदिताने स्वतःहून नाव दिले. ती चाचणी घेणाऱ्या त्याच संशोधन संस्थेत भूकंपलहरींचे पृथक्करण करायची. आलेख तिला अक्षरांसारखे वाचता येत.

समतोलक म्हणजे कानामागच्या हाडात बसवलेली बटणाएवढी चकती. तिच्यातून निघालेले दोन तंतू मेंदूत जात. एक तंतू मनाचे चढउतार ओळखून ते आवरी. दुसरा, शंकेचे चक्र सुरू झाले की 'झालं, पुरे' अशी जाणीव देई. निरोगी माणसाला कुलूप लावल्यावर जी आपोआप मिळते, तीच. चकती स्वतः शिकत असे. तिला दोनच गोष्टी साधायच्या होत्या: मन वरच्या आणि खालच्या रेघेच्या मधे ठेवायचे आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या कृती कमी करायच्या. त्या कृती मोजायला निवेदिताच्या हातात मनगटपट्टी होती.

आणि ते जमले होते. स्कूटर पुलावरून सरळ घरी यायची. पहिल्यांदा तसे झाले तेव्हा ती दारातच बसून रडली होती.

पण पाऊस ओसरला तसा तिच्या मनात संशय शिरला. कुलपाचा नाही, गॅसचा नाही, माणसांचा. एका रविवारी ती सौंदाळे मासे तळत गुणगुणत होती. सहज मागे पाहिले, तर दिगंबर पडवीत पाठ करून उभा. हातात फोन. बोलत नव्हता, नुसता अंगठा फिरवत होता. तिची चाहूल लागताच त्याने फोन खिशात टाकला.

"कोण होतं?"

"कुणी नाही गं."

तिचे गुणगुणणे थांबले. त्यानंतर तिला सगळीकडे तेच दिसू लागले: गौरांगचा मिटलेला पडदा, मुकादम बाईंचे उत्तर देण्याआधीचे थांबणे, दिगंबरची पडवी. हे तिघे मिळून काहीतरी करत होते.

आपला आजार तिला ठाऊक होता, म्हणून तिने आधी स्वतःलाच तपासले. हा मंत्रचळ असेल का? मग समतोलकाने तो विझवायला हवा होता. उन्मादातला भ्रम? तोही त्याने आवरला असता. समतोलक चालू आहे आणि संशय तरीही टिकून आहे. म्हणजे तो आजारातून आलेला नाही. म्हणजे तो खरा आहे. तिने हे गणित उलटसुलट करून पाहिले. कुठे चूक सापडेना.

गणपतीनंतरच्या आठवड्यात तिने दिगंबरला समोर बसवले.

"तू आणि गौरांग माझ्याबद्दल काय ठरवताय?"

त्याचा चेहरा उतरला. "असं काही नाही, निवू."

"मग फोन दे."

त्याने फोन दिला नाही. त्या दिवशी ती जे बोलली ते शेजारच्यांनीही ऐकले. फसवणारा, पाळत ठेवणारा, बायकोच्या आजारावर जगणारा. दिगंबर ऐकून घेत राहिला. दुसऱ्या दिवशी तो दोन कपडे पिशवीत भरून देवगडला बहिणीकडे गेला. "तुला बरं वाटलं की सांग," एवढेच म्हणाला, आणि त्यातही तिला कट दिसला.

घर रिकामे झाल्यावर संशय निवायला हवा होता. उलट ती अधूनमधून जरा बरी असे तेव्हाच तो उसळे. हे तिला चमत्कारिक वाटले. लहरींवर काम करणाऱ्याला वेळांचे असे जुळणे दिसतेच. ती सरळ डॉ. मुकादमांकडे गेली.

"मला माझे आलेख पाहायचेत."

"स्वयंसेवकाने स्वतःचे आलेख पाहायचे नाहीत, असं ठरलंय आपलं."

"डॉक्टर, माझा नवरा घर सोडून गेलाय. मी चाचणीतून बाहेर पडते, मग दाखवाल?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. साठी उलटलेल्या त्या बाईंनी निवेदिताला तिच्या दोन्ही टोकांना पाहिले होते. "चाचणी सोडू नकोस. चल, तिघे बसून पाहू."

गौरांगने कुरकुरत पडदा उघडला. वरती मनाची रेषा, तिच्याखाली दोन्ही तंतूंचे स्पंद. निवेदिता त्या रेषा डावीकडून उजवीकडे वाचत गेली. मग तिने बोट ठेवले.

"हा शंकेचा तंतू. हे स्पंद उलटे आहेत."

"उलटे कसे असतील? तो फक्त शमन करतो."

"नीट पाहा. इथे शमन आहे, पट्टीने हाताची हालचाल पकडली तेव्हा. पण इथे हात स्वस्थ आहेत, मन वरच्या रेघेला टेकतंय, आणि तंतू शमन करत नाहीये. तो डिवचतोय. इथे, इथेसुद्धा."

गौरांग खुर्ची ओढून पुढे सरकला. त्याने मागचे आठवडे उघडले. प्रत्येक चढाच्या माथ्यावर तोच उलटा स्पंद होता, आणि प्रत्येक स्पंदानंतर मन खाली येत होते.

"मी हे शिकवलेलं नाही," तो हळूच म्हणाला.

"ते स्वतः शिकलंय," निवेदिता म्हणाली. "पहिल्या तंतूला माझा चढ आवरत नसणार. मग त्याने शोधलं, की मला शंका आली की मी आपोआप खाली येते. शंका हाच माझा लगाम. डॉक्टर, तुम्हीच म्हणायचात, उन्मादात माझ्या शंका गायब होतात."

"हो. पण शंका दिली तर तू पुन्हा कुलपं तपासायला लागशील. ते मनगटपट्टीत दिसेल."

"म्हणून त्याने अशी शंका शोधली जी पट्टीत दिसत नाही. पट्टी हात मोजते. माणसांचा संशय कुणी हातांनी घेत नाही."

तिचे बिनचूक गणित तिला आठवले. संशय समतोलकाला पुरून उरला नव्हता. समतोलकच तो देत होता.

"त्याने दिगंबरलाच का निवडलं?"

"ते माणसं ओळखत नाही," गौरांग म्हणाला. "काहीतरी चुकतंय, एवढीच जाणीव ते देतं. कुणाचं चुकतंय ते..."

"ते मी ठरवते," तिने वाक्य पुरे केले.

पण तिची नजर पडद्यावरून हटली नव्हती. "ही वरची रेघ सुरुवातीला इथे होती. आता बघ किती खाली आलीय. हे चढ उन्मादाचे नाहीतच. एवढं तर कुणाचंही मन वर जातं. रेघ कुणी खाली आणली?"

गौरांगने बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "जवळच्या माणसाचं मत चाचणीत धरलं जाईल, हे तुला सुरुवातीला सांगितलं होतं. कसं आणि कधी, ते सांगितलं नव्हतं. पुढचं मी बोलण्यापेक्षा तू दिगंबरला विचार. सोमवारी आपण हे उलटे स्पंद हळूहळू बंद करून पाहू. तोवर ते चालूच राहतील, हे ध्यानात असू दे. एकदम थांबवले तर तू उसळशील."

ती दुपारच्या एसटीने देवगडला गेली. दिगंबर नणंदेच्या अंगणात जाळ्याच्या दोऱ्याला गाठी मारत बसला होता. तिला पाहून तो उठला, पण जवळ आला नाही. नणंद चहा ठेवायचे निमित्त काढून आत गेली.

निवेदिताने सगळे सांगितले.

"म्हणजे माझ्यावरचा आळ गेला?" शेवटी त्याने विचारले.

"नाही. एवढंच कळलं, की माझ्या संशयावरून तुझ्याबद्दल काहीच कळत नाही. म्हणून सरळ विचारायला आले. पडवीत काय करायचास?"

त्याने फोन काढून तिच्या हातात दिला. पडद्यावर एक आडवी पट्टी होती. एका टोकाला 'खिन्न', दुसऱ्या टोकाला 'अति उत्साही'. अंगठ्याने सरकवायची खूण.

"गौरांगने दिलं होतं. रोज भरायचं, तुला न सांगता. तो म्हणाला, तिला कळलं तर ती तुमच्यासमोर वेगळी वागेल."

"त्या रविवारी, मी मासे तळत होते तेव्हा, काय भरलंस?"

तो खाली पाहू लागला. "शेवटचं टोक."

"मी गाणं म्हणत होते, दिगू."

"होडी नेलीस त्या दिवशी सकाळीही गाणंच म्हणत होतीस." त्याचा आवाज चिरकला. "तू हसलीस की मला ती होडीच आठवते. खरं हसू कुठलं, आजाराचं कुठलं, मला कळत नाही. म्हणून दर वेळी पुढे सरकवायचो. चूक झाली तर सावधपणाची होऊ दे, असं वाटायचं."

निवेदिता पायरीवर बसली. आता सगळी साखळी तिच्यासमोर होती. ती आनंदी झाली की दिगंबरला संशय येई. तो अंगठा सरकवी. रेघ खाली येई. पुढच्या वेळी तिचे मन जरा वर गेले की रेघेला टेके, आणि यंत्र तिला संशय देई. त्याचा संशय तिच्यापर्यंत पोचायला तेवढाच फेरा पुरत होता. त्या फेऱ्यात आजार कुठे होता, हे तिला शोधूनही सापडेना.

तिला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण होडीतून तिला ओढून घेणारे हातही याचेच होते, आणि त्या दिवसापासून हा माणूस घाबरूनच जगत आला होता, हे तिच्या कधी लक्षातच आले नव्हते.

"मलाही कळत नाही," ती म्हणाली. "हसू कुठलं खरं ते. यापुढे भरायचं असेल तर मला विचारून भर. दोघांनाही कळलं नाही तर नको भरूस."

"गौरांग चिडेल."

"चिडू दे."

तो किंचित हसला आणि तिच्या शेजारी येऊन बसला. "उद्या सकाळच्या गाडीने घरी जाऊ," तो म्हणाला. "ताईला सांगतो."

इतके सोपे असेल असे तिला वाटले नव्हते. छातीत काहीतरी हलके झाले, वर आले, आणि लगेच कुठूनतरी एक थंड विचार सरपटत आला: हा इतक्या पटकन तयार कसा झाला? ताईला काय सांगणार आहे? गौरांगशी याचे आधीच बोलणे झाले असेल का?

तिने डोळे मिटून घेतले. मग उघडले आणि सरळ त्याच्याकडे पाहिले.

"दिगू, आत्ता या क्षणी मला वाटतंय, की तू माझ्याशी खोटं बोलतोयस."

दिगंबरचा हात नकळत फोनकडे गेला आणि वाटेतच थांबला. तो तिच्याकडे पाहत राहिला.

"म्हणजे तू खूश आहेस," तो म्हणाला.