तो एकच वाजत नव्हता

बस गं जरा, चहा टाकते. तो खिडकीतला भोपळा बघतेयस ना? त्याचंच सांगते.

खायचा नव्हे, शोभेचा. आमच्या ह्यांचं वेड ते. वेलावर फळ कोवळं असताना खिळ्यानं अक्षरं कोरायची. फळ वाढतं तसा वण भरून येतो, अक्षरंही मोठी होतात. मग तोडून मागच्या अंधाऱ्या खोलीत महिनोन्महिने वाळवायचं. बुरशी धरते, कुबट वास सुटतो, पण घाबरून फेकायचं नाही. आत बिया खुळखुळल्या, की वाळलं.

यंदाचं बी ह्यांनीच लावलं, आणि वेलाला फूल यायच्या आत गेले. मी मेली एकटीच पाणी घालत राहिले. लेकीनं लकडा लावला, "आई, घर बंद कर, माझ्याकडे चल." मी म्हटलं, "भोपळे वाळू देत." खरं सांगू? मला ह्यांना तिथं एकटं सोडून यायचंच नव्हतं.

पण वाळायचे ते वाळलेच. लेक गाडी घेऊन दारात. मी एकेक भोपळा कानाशी धरून हलवला. सगळे खुळखुळले. कोपऱ्यातला एक मात्र गप्प. आणि जड... वाळलेला भोपळा हाताला लागतही नाही गं, इतका हलका होतो.

"आई, तो सडलाय. टाक."

"थांब, पुसू तर दे."

फडकं फिरवलं. बुरशीखाली बोटांना वण लागला. उंच, भरून आलेला... म्हणजे फळ कोवळं असतानाच कोरलेला. ह्यांचंच अक्षर, तोच लांब शेपटीचा ल.

'मलाही ने.'

"आई... तू कोरलंस?" लेकीनं विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. भीती नाही वाटली, रडूच कोसळलं. "अहो, तुम्हाला टाकून जाईन का मी?" वाटभर तो मांडीवर धरून बसले.

इथं आल्यापासून रोज संध्याकाळी पुसते. मागच्या आठवड्यात 'ने'च्या खाली एक बारीक रेघ दिसली. लेक म्हणाली, तडा असेल. असेल बाई. पण तोडलेल्या फळावर वण कधी भरत नाही, आणि ही रेघ रोज फुगत होती, अक्षरांसारखी वळत होती...

काल पुरती भरली. 'चल.' शेपटी लांब ओढलेली.

घे, चहा घे. लेकीला मात्र हे कालचं सांगू नकोस.