कोपऱ्यातल्या पेटीतलं पुस्तक

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची आहे. तिने ती मला एकदाच सांगितली, आणि पुन्हा विषय काढू नकोस म्हणून हात जोडले. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण माझ्या मावशीला आयुष्यात साधी थाप कधी मारता आली नाही.

एक सोडून.

मावशी विद्यापीठाच्या ग्रंथालयात, जुन्या पुस्तकांच्या विभागात होती. तिथे दरवर्षी अभिजात साहित्याचा सप्ताह व्हायचा. सात दिवस रोज दुपारी एक व्याख्यान, आणि बाहेरच्या दालनात काचेच्या पेट्यांमध्ये जुनी पुस्तकं उघडून मांडलेली.

एकाच पानावर आठवडाभर उजेड पडला तर शाई उडते. म्हणून रोज संध्याकाळी प्रत्येक पुस्तकाचं एक पान उलटायचं आणि तक्त्यावर सही करायची, असा नियम होता. किल्ल्या फक्त मावशीकडे असत.

अगदी कोपऱ्यातल्या पेटीत एक जाडजूड हस्तलिखित असायचं. समुद्रावर गेलेल्या मुलाची वाट बघणाऱ्या आईची कथा. लोक त्याच्यासमोरून जांभया देत निघून जायचे.

थांबायचा तो एकच माणूस. ग्रंथालयाचा शिपाई.

ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबूकाका म्हणायचे. हातात फडकं घेऊन, कमरेत वाकून, काचेला नाक लावून तो उघडं पान वाचायचा. वाचून झालं की बोटाच्या पेराने काचेवर दोनदा वाजवायचा.

टक्... टक्.

"झालं ताई. उलटा."

त्याचा एकुलता एक मुलगा भांडून घरातून निघून गेला होता. पत्र नाही, फोन नाही. दरवर्षी सप्ताह आला की लंबूकाका विचारायचा, "ताई, शेवटी पोरगं परत येतं का हो?"

"आत्ताच सांगितलं तर मजा काय राहिली? तुम्हीच वाचा की," मावशी म्हणायची.

खरं म्हणजे त्या पुस्तकाचं शेवटचं पानच नव्हतं. कधीकाळी फाटून गेलं होतं आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. पहिल्या वर्षी ती थट्टेत बोलून गेली. मग सांगायला तोंड उघडेना. पुढच्या वर्षी सांगू, पुढच्या वर्षी सांगू, असं करत बावीस वर्षं गेली. वर्षाला सात दिवस वाचायचं, आणि पुढच्या वर्षी तिथूनच पुढे.

बाविसावा सप्ताह संपला तेव्हा पुस्तकात सहा दिवसांचं वाचन उरलं होतं.

आणि त्याच वर्षी लंबूकाका गेला. झोपेतच.

मावशीला फार वाईट वाटलं. आणि लपवायचं कशाला, सुटल्यासारखंही वाटलं.

पुढचा सप्ताह तिच्या नोकरीतला शेवटचा. गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. खुर्च्या मांडा, माईकची खरखर बंद करा, वक्त्यांचा चहा बघा. एवढं करून समोर जेमतेम पंधरा डोकी, त्यातली निम्मी पेंगणारी. पहिल्या संध्याकाळी कोपऱ्यातल्या पेटीचं कुलूप अडकलं. "जाऊ दे, आता कोण वाचतंय?" असं पुटपुटत तिने पान न उलटताच सही ठोकली.

पर्स उचलून ती दारापर्यंत पोचली, आणि...

टक्... टक्.

ती थबकली. दालनात कुणी नव्हतं.

लाकूड वाजलं असेल, म्हणून ती वळली. तेवढ्यात तिचं लक्ष कोपऱ्यातल्या पेटीकडे गेलं.

काचेवर वाफ धरली होती. तळहाताएवढी. कुणीतरी अगदी जवळून श्वास सोडावा, तशी.

तिने ती पदराने पुसली आणि घर गाठलं. थकल्यावर माणसाला काहीही दिसतं, असं तिने स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी व्याख्यान रंगात आलं होतं. मध्येच वक्ते थांबले.

"कुणी दार वाजवतंय का?"

टक्... टक्.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. दार सताड उघडं होतं.

मावशीने किल्ल्या उचलल्या. ती उठली, तडक बाहेरच्या पेटीपाशी गेली. कुलूप एका झटक्यात उघडलं. तिने पान उलटलं.

आवाज थांबला.

त्यानंतर तिने एकही पान चुकवलं नाही. दिवसभर काचेवर ती वाफ असायची. संध्याकाळी टकटक झाली की ती मुकाट्याने पान उलटायची. भीती वाटायलाही अंगात त्राण लागतं, ते तिच्यात उरलं नव्हतं.

सहाव्या संध्याकाळी तिने पान उलटलं, आणि समोर आला नुसता पुठ्ठा.

सातव्या दिवशी समारोप झाला. हार-तुरे, भाषणं, मावशीला निरोपाची शाल. सगळे गेले. ती एकटी पेटीसमोर उभी राहिली.

टक्... टक्.

"काका, पुढे पान नाहीये."

टक्... टक्.

"पहिल्यापासूनच नव्हतं हो. मी सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

टक् टक्. टक् टक्. टक् टक्...

काच थरथरायला लागली. आतला पुठ्ठा हलायला लागला. मावशीला रडू फुटलं.

"येतो! परत येतो पोरगा! आई दार उघडते आणि तो समोर उभा असतो!"

एकदम शांत.

वाफ कडेकडेने विरत गेली. काच लख्ख झाली. त्या रात्री, कितीतरी दिवसांनी, मावशी गाढ झोपली.

ही झाली तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गेल्या वर्षी तिच्या जागी आलेल्या मुलीचा फोन आला. आनंदाने नुसती नाचत होती.

"मॅडम, ते हरवलेलं पान सापडलं! दुसऱ्याच एका पुस्तकाच्या बांधणीत चिकटवलेलं होतं. या सप्ताहात आम्ही पेटीत लावलंय, सगळ्यांना वाचता येईल असं!"

"काय... काय आहे त्यात?"

"मुलगा येतच नाही, मॅडम. आई दिवा मालवते आणि दाराला आतून कडी लावते. काय शेवट आहे ना?"

मावशीने फोन ठेवला. संध्याकाळचे पाच वाजले होते. समोरच्या भिंतीला तिचं काचेचं पुस्तकांचं कपाट होतं.

काचेवर वाफ धरली होती.

टक्... टक्.

तेव्हापासून रोज पाच वाजता हे होतं. मी स्वतः ऐकलंय. मागच्या रविवारी मी तिच्याकडे होते. आवाज आला तशी ती हातातली भाजी खाली ठेवून कपाटासमोर जाऊन बसली आणि खाली मान घालून म्हणाली, "चुकलं हो काका."

एवढंच म्हणते ती रोज. तिच्याकडे आता उलटायला पान नाही.