चौथ्या खान्याचं नाव

इंग्लंडमधल्या लीक गावाच्या माळावर वारा असा सुटला होता, की हेस्टरची टोपी उडाली ती थेट रायफली तपासायच्या टेबलावर… एका तरुणाच्या चहात.

"टोपीला साखर लागते का?" त्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं.

"बिनसाखरेचाच पिते ती," हेस्टर हसू दाबत म्हणाली. "आणि माझी रायफल तेवढी बघाल?"

हाच तो रोवन. हवेच्या रायफलीची नाडी त्याच्याइतकी कुणाला कळत नाही, असं सगळा क्लब म्हणायचा. त्याचे डोळे इतके हिरवट आहेत, हे मात्र कुणीच सांगितलं नव्हतं!

रोवनने पाच छर्रे झाडले. वेग मोजायच्या यंत्राकडे पाहून त्याच्या भुवया चढल्या.

"कायद्याच्या मर्यादेपेक्षा जोर जास्त आहे. अशीच खेळलात तर बाद."

"शक्यच नाही! परवाच घरी सगळं सेटिंग जुळवलंय मी."

"कोणत्या छर्ऱ्यांवर?"

"हलक्या—" ती थबकली. वाऱ्यात टिकाव लागावा म्हणून आज निघताना तिने जड छर्ऱ्यांची डबी उचलली होती. सेटिंग मात्र हलक्यांचंच राहिलं होतं. त्याच सेटिंगवर जड छर्ऱ्याचा जोर वाढतो, हे तिला पाठ होतं. तरीही विसरली!

"अर्ध्या तासात खेळ सुरू होतोय…" तिचा आवाज बारीक झाला. जिल्ह्याच्या संघात एकच जागा उरली होती आणि त्या जागेसाठी ती तीन वर्षं झटत होती.

"मग बोलत काय बसलोय आपण?"

रायफलीच्या बगलेतला छोटा पडदा उजळला. रोवनने आकडा जरासा खाली आणला, छर्रा झाडला, वेग टिपला. पुन्हा जरासा खाली. पुन्हा छर्रा. घाई नाही, चिडचिड नाही… मांडीवरचं मांजर जागं होऊ नये इतक्या हलक्या बोटांनी तो बटणं दाबत होता. हेस्टर बघतच राहिली.

"काय सुरेख काम करता हो तुम्ही!" तिच्या तोंडून निघून गेलं.

"असं बघत राहिलात तर आकडा चुकेल माझा."

शेवटी त्याने मान डोलावली. "हे सेटिंग रायफलीच्या चौथ्या खान्यात साठवून ठेवलंय. त्याला एक नावही दिलंय… पण खेळ संपेपर्यंत वाचायचं नाही हं."

मग त्याने स्वतःचा खेळाडूचा क्रमांक छातीला लावला. हेस्टर चमकली. "तुम्हीही? त्याच जागेसाठी?"

"त्याच."

"मग मला कशाला वाचवलंत?"

"तुम्ही टेबलावरच बाद झालात, तर मी हरवणार कुणाला?"

दुपारभर पत्र्याचे ससे नि कावळे टणाटण पडत राहिले. ते नाव वाचायला हेस्टरची बोटं शिवशिवत होती, पण तिने शब्द पाळला. शेवटचा कावळा रोवनच्या छर्ऱ्याने नुसता हलला… आणि हेस्टरच्या छर्ऱ्याने आडवा झाला. एका निशाण्याने ती जिंकली!

पण क्लबचा रिवाज असा, की जिंकलेली रायफल पुन्हा तपासायची. "जोर केसभर जरी जास्त निघाला, तरी जागा रोवनची," सेक्रेटरी मॉरीनबाईंनी बजावलं. हेस्टरने रोवनकडे पाहिलं. आकडा तर त्यानेच लावलेला…

टेबलाकडे जाताना तिने पडदा उजळवला. चौथ्या खान्यावर लिहिलं होतं— 'रविवारी ओटकेक?'

ओटकेक म्हणजे लीककरांचा रविवारचा नाश्ता; हे तर चक्क आमंत्रण होतं! ती वाटेतच थांबली, पटापट बटणं दाबून खान्याचं नाव बदललं आणि रायफल रोवनच्या हातात दिली.

त्याने पडदा पाहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या.

"छर्रे झाडतोस ना रे?" मॉरीनबाई खेकसल्या.

त्याने पाच झाडले. पाचही मर्यादेत. जागा हेस्टरची! मॉरीनबाईंनी सही केली आणि चष्मा सारखा करून पडदा वाचला. "'हो. दहा वाजता.' हा कुठला छर्रा म्हणायचा?"

"जड आहे, मॉरीनबाई," रोवन हेस्टरकडे बघत म्हणाला. "थेट लागलाय."