धनाजीचं खोकल्याचं औषध

हंबीरराव सांगलीला कृष्णात लोंढ्यांच्या माडीवर चढून आले ते चपलांसकट.

"माझ्या भावाला त्याच्या बायकोनं अफू घालून मारलं," ते म्हणाले. "तिला अफू कुणी दिली तेवढं हुडका. परवा सकाळी फौजदार तिला न्यायला येणार हाय."

कृष्णात लोंढे खासगी तपास करीत. त्यांचा जोडीदार बिराप्पा एके काळचा पैलवान. अंगाने आडदांड, डोक्याने जरा सावकाश. अफूचं नाव ऐकून त्याने आ वासला.

"सगळं सांगा," कृष्णात म्हणाले.

"धनाजी फौजेत हुता. एकाहत्तरच्या लढाईत मांडीत गोळी लागली, घरी आला. दोन महिन्यांमागं उसाच्या गाडीवरनं पडून खांदा मोडला. मीच जीपमधनं साताऱ्याला नेला. डॉक्टरनं हाड बसवलं, गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून निजला, श्वास मंद हुत हुत थांबला. आता मयताच्या तपासणीचा कागद आलाय. पोटात अफू."

"आणखी कुठलं औषध?"

"मिरजेचं, खोकल्याचं. सहा महिनं चालू हुतं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघे कराडजवळ धनाजीच्या गावी पोचले. धनाजीची बायको अंजना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत उभी राहिली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. बिराप्पाला वाटलं, हिने नाही मारलं. मग वाटलं, रडणं कुणालाही येतं.

"मला वाचता येत न्हाई," ती म्हणाली. "बाटलीवर कागदाची पट्टी असती, खाचा पाडलेली. एक खाच सकाळी, एक सांजंला. गोळ्या दिसाला दोन, सांगितल्या तशा. मला नेलं तर माझी पोर कोण बघंल, आवं?"

फळीवर सहा महिन्यांच्या सहा बाटल्या होत्या. खोकल्याचं औषध म्हणून पोलिसांनी त्यांना हातही लावला नव्हता. पहिल्या बाटलीवरच्या खाचा बोटभर रुंद. पुढच्या अरुंद होत होत शेवटच्या तांदळाएवढ्या. शेवटच्या बाटलीतलं औषध नेमकं खाचेवर थांबलेलं. दहा गोळ्यांतल्या पाच उरलेल्या. सगळं चोख.

"ह्यांच्यावरच्या चिठ्ठ्या?" डिंकाच्या डागावर बोट ठेवत कृष्णातांनी विचारलं.

"बाटली आली की थोरलं भावजी खरवडून टाकत."

"धनाजीराव फार खोकायचे?"

"न्हाई. पाय दुखायचं, घाम यायचा, जांभया यायच्या. खोकला कवाच न्हवता."

बिराप्पाचं डोकं गरगरायला लागलं. एस.टी.त बसल्यावर तो म्हणाला, "जादा औषध कुणीतरी दिलंच असंल की. हंबीररावानं दिलं, जमिनीपायी."

"जादा कुणीच दिलं नाही रं. तीच तर गंमत आहे."

बिराप्पाला त्यात काही गंमत दिसेना.

साताऱ्याचे डॉक्टर सरळ माणूस होते. "हाड मोडल्याची कळ होती, जबर गोळी द्यावी लागली. त्याआधी विचारलं होतं, दुसरं औषध चालू आहे का. पेशंट बोलायला गेला, सोबतच्या माणसाकडे बघून गप्प बसला. सोबतचा म्हणाला, काही नाही."

संध्याकाळी मिरज. ते औषध देणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "माझी चिठ्ठी कुणी वाचली नाही का?" एवढंच त्यांनी विचारलं आणि कृष्णातांना आत नेलं. बाहेर बाकावर बसलेला बिराप्पा आता डॉक्टरांवरही संशय घेऊ लागला होता. संशय घ्यायचा उरला होता तो एकटा स्वतःवरच.

तिसऱ्या दिवशी सकाळी धनाजीच्या घराच्या पुढच्या सोप्यात फौजदार, हंबीरराव आणि दाराआड अंजना.

"खोकला नसलेला माणूस सहा महिने खोकल्याचं औषध घेतो," कृष्णातांनी सुरुवात केली, "आणि त्याच्या खाचा महिन्यामहिन्याला लहान होतात. असं औषध एकाच कारणासाठी देतात. माणसाची नशेची सवय हळूहळू उतरवायला. लढाईतल्या जखमेवर दिलेल्या, दुखणं मारणाऱ्या इंजेक्शनांनी धनाजीरावांना सवय लागली, घरी आल्यावर अफू सुरू झाली. मिरजेचं औषध ती सोडवत होतं."

"सोडवत हुतं ना," हंबीरराव पुटपुटले. "मग ते अफूवरचा उतारा झालं. त्यानं मरंल कसा?"

"उतारा नव्हे. त्यात अफूच होती, थेंबाथेंबाने कमी केलेली. साताऱ्याची गोळीही त्याच कुळातली. सहा महिन्यांत धनाजीरावांच्या अंगाची सहन करायची ताकदही उतरली होती. दोन्ही औषधं बरोबर मापात होती, पण एकाच पोटात गेली आणि श्वास झोपला. मिरजेच्या बाटलीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, दुखण्याची गोळी मला विचारल्याशिवाय देऊ नका."

बिराप्पाला आत्ता कुठे उजेड पडला आणि पडल्यापडल्या त्याला वाईट वाटलं. साताऱ्याला जीप घेऊन कोण गेलं होतं, हे पहिल्या दिवसापासून त्याच्या कानावर होतं.

फौजदारांनी वही उघडली. "सोबत कोण होतं?"

हंबीररावांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. आपल्या घराण्याबद्दल जो शब्द गावात कुणी काढू नये म्हणून ते सहा महिने झटले, तो त्यांना आता स्वतःच काढायचा होता.

"माझा भाऊ अफू खात हुता," ते म्हणाले. "सोडत हुता. डॉक्टरनं इचारलं तवा मीच न्हाई म्हणालो. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्याबी मीच खरवडल्या. हिचा काय दोष न्हाई, सायेब."

फौजदार लिहीत राहिले. दाराआडून अंजना पहिल्यांदाच थोरल्या दिराशी सरळ बोलली.

"एवढं तुमी साताऱ्यात बोलला असता तर पुरलं असतं, भावजी."