जुळपेटी आणि गजकेसरीचा कट्टा

या पाव्हणं, बसा. गाडी चार्ज व्हायला वेळ लागंल, तिकडं खांबाजवळ उभं राहून काय करताय? इथं बाकावर या. हातातलं घड्याळ अन् फोन तेवढा त्या पत्र्याच्या डब्यात टाका, जाताना देतो. भिऊ नका, आम्ही चोर न्हाई. इथं बसलेल्या समद्यांचीच घड्याळं त्या डब्यात हाईत. का, ते कळंल. चहा घ्या. नको कसं, घ्या की.

फुटबॉल बघता का? न्हाई? कधीच न्हाई? कोल्हापुरात हे मोठ्यानं बोलू नका, पर मला सांगितलंत ते बेस केलंत. आता एक गोष्ट ऐकवतो. ऐकून झाली की तुमची गाडी बी भरलेली असंल, अन् न भरली तरी तुमचं नुकसान न्हाई.

ही गजकेसरी तालीम. आत कुस्तीचा हौद हाय, पर पैलवानकी मागं पडली अन् पेठ फुटबॉलला लागली त्याला लई पिढ्या झाल्या. पुढं दख्खन लीग आली. पगारी खेळाडू, दिव्यांची मैदानं, अन् दर वरसाला निवडमेळा. निवडमेळा म्हंजे समद्या खेळाडूंची नावं पुढं ठेवायची अन् पाळीपाळीनं एकेका संघानं एकेक उचलायचा. बाकीचे खेळाडू संघाचे मालक-शिक्षक उचलतात. पर एक खेळाडू संघाच्या कट्ट्यानं निवडायचा, असा लीगच्या नियमातच मान हाय. लीग उभी राहिली तवा पेठांनी भांडून घेतलाय त्यो.

कट्टा म्हंजे ह्योच. हे चार बाक अन् ही चहाची टपरी. जो इथं बसून चहा प्यायला त्यो कट्ट्याचा, त्येला बोलायचा हक्क. जात, धंदा, पेठ कोण इचारत न्हाई. अन् आमची एक रीत हाय. निवडलेल्या खेळाडूला पहिला हार कोण घालणार? ज्येनं त्येच्या विरोधात सगळ्यात जास्त तोंड वाजवलं, त्यो.

आता त्यो पलीकडं तांब्याच्या हंड्यागत डोक्याचा माणूस दिसतोय का? दिनकर तांबट. मागं मणिपूरचा इबोमचा नावाचा पोरगा निवडमेळ्यात होता. दिनकर म्हणायचा, एवढंसं पोरगं, पंचगंगेवरच्या वाऱ्यानं उडून जाईल. कट्ट्यानं तरी त्यालाच घेतला, अन् दिनकरला तोंड वाकडं करून हार घालायला लागला. पहिला हंगाम पोराचा लई वाईट गेला. गोल न्हाई, काय न्हाई. संघानं त्येला सोडून द्यायचं ठरवलं. तवा हाच दिनकर हापिसाच्या दारात जाऊन बसला. म्हणाला, हार मी घातलाय, आधी मला काढा. पोरगं त्येच्याच माडीवर राहत होतं तवा. पुढच्या हंगामात इबोमचानं काय केलं ते आता ह्या गल्लीतल्या कुणालाबी इचारा, अर्धा तास सोडणार न्हाईत तुम्हाला.

तर असं चाललेलं बरं चाललं हुतं. मग जुळपेटी आली.

त्या कोपऱ्यात चष्मा लावून बसलेल्या बाई दिसतात न्हवं, त्या डॉक्टर केतकी आजरेकर. सुई टोचणाऱ्या डॉक्टर न्हाईत, संगणकाच्या. बाई सरळ हाईत, चहाला साखर कमी घेतात एवढाच दोष. त्येंनी लीगसाठी ही पेटी केली. आमच्या संघाचे आकडेवाले मगदूम मास्तर हाईत, त्येंनी ह्याच बाकावर बाईंना खोदून खोदून इचारलं. आम्ही समदे कान लावून.

"खेळाडूचं जुळं मला समजतं," मास्तर म्हणाले. "त्याची हाडं, दम, धावण्याच्या नोंदी पेटीत घातल्या की पेटीतला खेळाडू खऱ्यासारखा खेळतो. पण भांडणाचं जुळं कसं करणार तुम्ही?"

"भांडतात माणसंच ना?" बाई म्हणाल्या. "या कट्ट्यावरच्या बैठका लीग पहिल्यापासून प्रक्षेपित करते. सगळं बोलणं साठवलेलं आहे. कोण कशावर चिडतो, कोण कुणाचं ऐकून मत बदलतो, कोण मुद्दाम उलटं बोलतो. प्रत्येकाचं एक जुळं केलं आणि त्यांना पेटीत आपसात भांडू दिलं. लाख वेळा. सगळ्यात जास्त वेळा जो निकाल येतो, तो मी सांगते."

"आणि चुकलं तर?"

"चुकू शकतं. पण इतक्या ओळखीची माणसं असली की फार कमी वेळा."

लीगच्या चिटणीसांना एवढंच पायजे हुतं. त्येंनी फतवा काढला. पेटीचा निकाल आदल्या दिवशी कुलपात ठेवायचा, कट्ट्याची बैठक झाली की उघडायचा. लागोपाठ तीन वर्षं दोन्ही सारखं निघालं तर त्या कट्ट्याचा मान बंद. निकाल त्योच येणार असंल तर आरडाओरडा कशाला, पेटीच निवडंल की. ऐकायला बरोबर वाटतं, न्हाई का?

शेजारच्या दौलत तालमीला बी बरोबर वाटलं. त्येंनी न भांडताच मान सोडला. पेटीनं त्येंच्यासाठी एक बचाववाला निवडला. चांगला हुता, खोटं कशाला बोलू. पर त्येच्या विरोधात कोण बोललंच न्हवतं, म्हणून हार बी कुणी घातला न्हाई. एका सामन्यात त्येच्या पायाला लागून आपल्याच जाळ्यात गोल गेला. पुढच्याच आठवड्यात संघानं त्येला सोडून दिला. त्यो राहत कुठं हुता, जेवत कुठं हुता, पेठेत कुणाला ठावं न्हवतं. हापिसाच्या दारात कोण बसणार? आता दौलतच्या सामन्याला जाऊन बघा, पाय पसरून झोपायला जागा हाय.

आम्ही म्हटलं, आम्ही सोडत न्हाई. पेटीला खोटं पाडून दाखवतो.

पहिल्या वर्षी बैठक झाली, खेळाडू ठरला, अन् बाईंनी कुलूप उघडून पेटीतल्या भांडणाचं ध्वनिमुद्रण लावलं. पाव्हणं, आपलाच आवाज कर्ण्यातनं ऐकताना काय वाटतं ते सांगता येत न्हाई. ती तिकडं रेश्मा मुल्लाणी बसलीय, बायकांच्या संघाची जुनी कप्तान, तोंड म्हंजे कातरी. ती बैठकीत दिनकरला म्हणाली हुती, तुला चेंडू अन् नारळ यातला फरक कळत न्हाई. पेटीतली रेश्मा बी तेच म्हणाली. पेटीतला दिनकर रागावून म्हणाला, मी घरी चाललो. आम्ही वळून बघितलं तर खरा दिनकर पायरीवर उभा, एक चप्पल पायात, एक हातात. लई हसलो आम्ही. मग हळूहळू हसू थांबलं. निकाल सारखाच हुता.

दुसऱ्या वर्षी आम्ही शहाणपणा केला. रेश्मानं कल्पना काढली, समद्यांनी मनातल्याच्या उलटं बोलायचं. ठरवून ठरवून उलटं बोललो. कुलूप उघडलं तर पेटीतली रेश्मा बी हळू आवाजात सांगत हुती, समद्यांनी उलटं बोलायचं. आमचा आडमुठेपणा बी पेटीला पाठ.

पर त्या दिवशी एक दुसरंच घडलं. नाना सरनाईक, आमचा सगळ्यात जुना माणूस, त्याच आठवड्यात गेला हुता. पेटीवाल्यांना कुणी कळवलंच न्हवतं. त्यामुळं कर्ण्यातनं अचानक नानाचा आवाज आला. खोकला, घसा साफ केला, अन् म्हणाला, अरं पोरांनो, आधी मधली फळी बघा. दिनकर डोळं पुसायला बाजूला गेला. टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

मास्तर तेवढे भानावर हुते. "मॅडम, पेटीत एक माणूस जास्त होता. तरी निकाल बरोबर कसा?"

बाईंनी कर्णा बंद केला. मग म्हणाल्या, "मी आत्ता तुमची बैठक ऐकली. नाना असता तर असं म्हणाला असता, नाना असता तर तसं, हे किती वेळा बोललात तुम्ही. ते नव्हते, पण त्यांचं मत तुमच्या तोंडून बोलत होतं. म्हणून पेटीला फरक पडला नाही. जुना माणूस कमी झाला तरी उत्तर फारसं हलत नाही."

"आणि नवा माणूस वाढला तर?"

"तो तुमच्यापैकी कुणाचं मत उचलून बोलला, तर तो पेटीत आहेच, फक्त दुसऱ्याच्या नावानं. पण स्वतःचं बोलला, तर त्याचं जुळं माझ्याकडे नाही. मग मला काही सांगता येणार नाही."

चिटणीसांच्या देखत बोलल्या बाई. म्हटलं न्हवं, सरळ हाईत.

तर पाव्हणं, आज तिसरं वरीस. बैठक आज, ह्याच बाकांवर. पेटीचं उत्तर काल रातीच कुलपात पडलंय. आज सारखं निघालं तर उद्यापासनं हा कट्टा नुसता चहा प्यायचा.

नावं दोन उरलीत. एक आंतोन, गोव्यातल्या केप्याचा, गोलरक्षक. रेश्मा अन् तिच्या बाजूचे त्येच्यासाठी अडून बसलेत. ती म्हणते, गेल्या हंगामात आपलं गोलपोस्ट म्हंजे एस्टी स्टँड झालतं, कुणीबी यावं अन् जावं. आंतोनचे हात म्हंजे कवाडं. उंच चेंडूवर कच खात न्हाई, बोलतो कमी, अन् खेळाडूंची पेटी सांगते की आज हाय तसाच त्यो लई वर्षं राहणार. दिनकर म्हणतो, तसाच म्हंजे कसा, वाढणार बी न्हाई की. दगड बी लई वर्षं तसाच राहतो.

दुसरा रेवणसिद्ध, जतचा, डाव्या पायाचा. डावीकडनं असा सुटतो की समोरच्याला आपण कुठं उभं हुतो ते आठवत न्हाई. दिनकरच्या बाजूचे त्येच्यासाठी जीव टाकतात. पर पेटी सांगते, त्येचा गुडघा कच्चा हाय, थोडेच हंगाम टिकंल. रेश्मा म्हणते, हार घालायच्या आधी पट्टी बांधायला लागंल. दिनकर म्हणतो, थोडे हंगाम तर थोडे, पर ते हंगाम नातवंडांना सांगशील. दोघं बी आपापल्या जागी बरोबर हाईत.

अन् कट्टा बरोबर मधनं फाटलाय. जेवढे इकडं, तेवढेच तिकडं. दर वर्षी अशा वेळी कोण तरी मवाळ व्हायचा, बाजू बदलायचा, अन् कोण बदलणार ते पेटीला आमच्या आधी कळायचं. म्हणून यंदा आम्ही समद्यांनी तालमीच्या हौदातली माती कपाळाला लावून ठरवलंय, बाजू कुणी सोडायची न्हाई. मेलो तरी न्हाई. एकजण म्हणाला, मग नाणं उडवा. रेश्मानं त्येला तिथंच गप्प केला. म्हणाली, उद्या चिटणीस इचारतील, नाण्याला कट्टा कशाला लागतो?

बरोबर हाय तिचं. आम्हाला नशीब नको, आम्हाला माणूस पायजे. समोर बसून, दोन्ही बाजू ऐकून, स्वतःच्या डोक्यानं बोलणारा.

आता तुमच्या ध्यानात यायला लागलंय, दिसतंय चेहऱ्यावर. बसा, उठू नका.

तुम्ही कधी फुटबॉल बघितला न्हाई, म्हंजे खेळाबद्दल तुमचं बोलणं कुठं साठवलेलं न्हाई. तुम्ही आज ह्या रस्त्यानं याल अन् गाडी इथंच लावाल, हे तुमचं तुम्हाला ठावं न्हवतं, तर पेटीला कुठलं. घड्याळ अन् फोन डब्यात हाईत, म्हंजे तुमची नाडी, तुमचं बोलणं काय बी पेटीपातुर पोचायचं न्हाई. बाई म्हणतात, मोजणी कालच बंद झाली, डब्याची गरज न्हाई. पर आमचं समाधान. अन् सगळ्यात मोठं म्हंजे, चहा. चहा पिऊन झालाय तुमचा. कप रिकामा हाय. नियमाच्या पुस्तकात शब्दाला शब्द लिवलेलं हाय, जो कट्ट्यावर चहा प्यायला त्यो कट्ट्याचा. चिटणीस स्वतः बघत हुते आत्ता, त्या दारातनं. तोंड बघा त्येंचं.

बाईंना मी मघाशीच इचारलं, पेटीला हे बी कळलं असंल का? त्या हसल्या.

"तुम्ही कुणातरी परक्याला धरून आणाल, हे पेटीत आलंय," म्हणाल्या. "तुम्हाला ओळखते ना मी. पण तो काय म्हणेल, तिथं पेटी गप्प आहे. कुलपात नाव एक आहे, पण ते मी नाइलाजानं घातलंय."

आता एक इचार करा. मी एवढं बोललो, पर आंतोन का रेवणसिद्ध, मला कोण पायजे ते सांगितलं का? न्हाई. जीभ चावून बसलोय मघापासनं, अन् हे किती अवघड गेलं ते दिनकरला इचारा. माझं मत तुमच्या कानात पडलं असतं तर तुमच्या तोंडनं मीच बोललो असतो, नाना आमच्यातनं बोलला तसा. अन् मी तर त्या पेटीत हाय. माझ्या खोकल्यासकट हाय.

तुम्ही म्हणालेलं नाव कुलपातल्या नावाशी जुळंल बी. जुळलं तर जुळू दे, मान गेला तर जाऊ दे. पर त्यो माणसानं घालवलेला असंल. आंतोन म्हणालात तर पहिला हार दिनकर घालंल. रेवणसिद्ध म्हणालात तर रेश्मा घालंल, दात खाऊन घालंल, अन् त्या पोराचा गुडघा दुखायला लागला की हापिसाच्या दारात पहिली तीच बसंल. पोरगं कुणीबी असू दे, त्येला घर आम्ही देतो.

समदे तुमच्याकडं तोंड करून बसलेत बघा. एकच मागणं हाय, पाव्हणं. आमच्या तोंडाकडं बघू नका, बाईंच्या बी न्हाई. त्या रिकाम्या कपाकडं बघा, अन् तुमच्या मनाचं बोला. कुणाला घ्यायचं? अन् का, ते बी सांगा.